तान्ह्याची वस्त्रे आणि बर्फावरचे रंग

कोकणातील घरात मूल जन्मास आले म्हणजे त्याच्या अंगाला प्रथम जे वस्त्र लागते ते नवे नसते. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आजोबांच्या धोतराचे धुऊन धुऊन मऊ झालेले पान, हीच त्या इवल्या जीवाची पहिली दौलत. बारशापर्यंत नवे कापड घालावयाचे नाही अशी चाल पुष्कळ घरांतून पाळली जाई. ह्या चालीला कोणी भाबडी समजूत म्हणेल. परंतु तिच्या पोटात शहाणपण आहे. नव्या कापडात खळ असते, गिरणीतील रसायनांचे अवशेष असतात आणि रंगीत असल्यास धाग्याला न चिकटलेला सैल रंगही असतो. शेकडो वेळा धुतलेल्या धोतरात ह्यांपैकी काहीच उरलेले नसते. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण पाण्याने आणि काळाने काय साधते हे तिला पक्के ठाऊक होते.

बारसे झाले की मग बाळंतविड्यातील झबली, टोपडी, कुंच्या आणि दुपटी बाहेर निघतात. ही वस्त्रे घरीच शिवण्याची हौस जुनी आहे. ती घरीच रंगविण्याची हौस त्या मानाने नवी. त्यातही बर्फाच्या साहाय्याने रंगविण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत पाश्चात्य देशांतील घरांतून इकडे आली आहे. गाठी मारलेल्या ओल्या कापडावर बर्फाचे खडे रचावयाचे, त्यावर कोरडा रंग भुरभुरावयाचा आणि बर्फ वितळण्याची वाट पाहावयाची, एवढीच ती कृती. वस्त्रावर उमटणारी नक्षी मात्र अशी असते की, ती पुन्हा तशीच काढू म्हटले तर रंगविणारासही साधत नाही. रत्नागिरीसारख्या दमट, समुद्रकाठच्या गावी ही रीत कशी चालवावी हा एक प्रश्न. आणि जे वस्त्र बाळ अंगावर घालणार, इतकेच नव्हे तर तोंडात घालून चोखणार, त्यास हे रंग कितपत मानवतील हा त्याहून मोठा प्रश्न. दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

गाठ मारून कापड रंगविणे ही काही परदेशची देणगी नव्हे. बाणभट्टाने सातव्या शतकात लिहिलेल्या हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचे वर्णन आहे. त्यात नगरातील अनुभवी, वडीलधाऱ्या स्त्रिया नाना तऱ्हांच्या नक्षीसाठी वस्त्रे बांधीत आहेत आणि बांधलेली वस्त्रे रंगविली जात आहेत, असे चित्र येते. कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थान येथील बांधणी आजही प्रसिद्ध आहे. तत्त्व अगदी साधे: जेथे दोरा आवळला तेथे रंग पोहोचत नाही, आणि गाठ सोडली की तेथे पांढरा ठिपका राहतो. बांधणीचा कारागीर नखाच्या टोकावर कापड उचलून हजारो ठिपके मोजून बांधतो. बर्फावरची रंगवणी ह्याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तीत मोजमाप थोडे आणि योगायोग फार. म्हणूनच ज्या गृहिणीस बांधणीचे कसब नाही तिलाही ती जमते.

ह्या कृतीत बर्फाचे काम तरी काय? रंग पाण्यात कालवून कापडावर ओतला तर तो एकदम सर्वत्र पसरतो आणि एकसारखा बसतो. बर्फावर टाकलेली पूड मात्र वितळणाऱ्या थेंबाथेंबात विरघळून, घडीघडीतून वाट काढीत, सावकाश खाली उतरते. बाजारात मिळणारी जांभळी, हिरवी किंवा तपकिरी पूड बहुधा एकाच रंगाची नसते. दोनतीन मूळ रंगांचे ते मिश्रण असते. त्यांपैकी एक चटकन विरघळून लगेच धाग्याला लागतो, दुसरा पाण्याबरोबर पुढे सरकतो. टीपकागदावर शाईचा डाग पडला असता त्यावर पाण्याचा थेंब सोडला म्हणजे शाईतील निरनिराळे रंग वेगळे होऊन वर्तुळे उमटतात, हा प्रयोग शाळेतील मुलेही करतात. बर्फाखालच्या झबल्यावर तेच घडते. जांभळ्या पुडीतून कोठे गुलाबी, कोठे निळा, कोठे दोहोंच्या सीमेवर जांभळा अशी छटा उमटते, ती ह्या फुटण्यामुळे.

येथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. रंगाऱ्यांच्या धंद्यात 'बर्फाचे रंग' असे नाव आणखी एका जातीच्या रंगांना फार पूर्वीपासून आहे. त्यांना नॅप्थॉल रंग म्हणतात. 1880 साली इंग्लंडातील हडर्सफील्डच्या हॉलिडे घराण्याच्या कारखान्यात ह्या पद्धतीचा तांबडा रंग प्रथम कापडावरच तयार करण्यात आला, आणि 1912 च्या सुमारास जर्मनीत त्यात मोठी सुधारणा झाली. ह्या रीतीत कापड आधी एका द्रावणात बुडवितात व मग दुसऱ्या, बर्फाने थंड ठेवलेल्या द्रावणात घालतात. दोन्ही एकत्र येताच धाग्यातच रंग जन्मास येतो. ते दुसरे द्रव्य उबेत नासते, म्हणून बर्फ हवा. बांधणीच्या धंद्यात हे रंग पुष्कळ वापरले गेले. पण त्यांतील द्रव्ये हाताळण्यास निष्णात हात आणि मोकळी जागा लागते. स्वयंपाकघरात, आणि तेही तान्ह्याच्या वस्त्रांसाठी, त्यांना स्थान असू नये. नावात बर्फ आहे एवढ्यावरून दुकानदाराने ते पुढे केले तर नम्रपणे परत करावेत.

घरगुती कामास योग्य ते रंग वेगळे आहेत. 1856 साली विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणास डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून जांभळा रंग गवसला, आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. परंतु सुती कापडावर तेजस्वी आणि पक्का असा रंग सहजासहजी बसेना. काही रंग धाग्याला नुसते चिकटून राहात व धुतले की निघत. काहींना तुरटीसारख्या मध्यस्थाची गरज पडे. पुढे 1954 साली इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज ह्या ब्रिटिश कंपनीतील रॅटी व स्टीफन ह्या दोन रसायनज्ञांनी असा रंग शोधला की जो सुताच्या धाग्याशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो. पर्किनच्या शोधास शंभर वर्षे होत असता, 1956 साली, हे रंग बाजारात आले. ह्यांनाच रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. जुना रंग धाग्यावर पाहुण्यासारखा ओटीवर बसतो आणि निमित्त मिळताच उठून जातो. हा नवा रंग घरजावई होऊन राहतो. एकदा बंध जुळला म्हणजे साबण, घाम किंवा बाळाची लाळ ह्यांनी तो सहसा सुटत नाही. तान्ह्याच्या वस्त्रांसाठी त्याची शिफारस करण्याचे मुख्य कारण हेच.

पेठेत ह्या रंगांचे दोन प्रकार मिळतात. 'कोल्ड ब्रँड' नावाने ओळखले जाणारे रंग थंड पाण्यात, घरातल्या साध्या उबेत बसतात. 'हॉट ब्रँड' रंगांना बरेच गरम पाणी लागते. बर्फाच्या कामास पहिलाच प्रकार घ्यावा. पुडी ताजी असावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, कारण कोकणातील पावसाळी हवेत ओल शिरली की रंग पाण्याशीच बंध जोडून बसतो आणि मग धाग्यासाठी त्याच्यात जोर उरत नाही.

धागा आणि रंग ह्यांचे लग्न लावून देणारा भटजी म्हणजे सोडा. तोही नेमका हवा. भजी-धिरड्यांत घालतात तो खाण्याचा सोडा येथे उपयोगी नाही. त्याचा क्षार फार सौम्य. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हवा. त्यातही भेद आहे. स्फटिकांच्या रूपातील सोड्यात पाण्याचा अंश इतका असतो की, निर्जल पुडीच्या एक भागाचे काम करण्यास स्फटिकांचे जवळजवळ पावणेतीन भाग लागतात. चार लिटर पाण्यात सुमारे 200 ग्रॅम निर्जल सोडा हे प्रमाण घरगुती कामास पुरते. हे पाणी हातास बुळबुळीत लागते व त्वचा कोरडी करते. डोळ्यांत गेल्यास इजा करते. म्हणून रबरी हातमोजे घातल्यावाचून त्यात हात घालू नये.

कापड शंभर टक्के सुती असावे. मलमल, मांजरपाट किंवा बनियनचे विणलेले सुती कापड, ही तिन्ही चांगली. टेरिलीन, नायलॉन किंवा लोकरीसारखे दिसणारे कृत्रिम मऊ कापड ह्यांवर हा रंग बसतच नाही. तो केवळ वर लोंबकळत राहतो आणि पुढे बाळाच्या तोंडात जातो. रेशीम व लोकर ह्यांचा तर सोड्याच्या तीव्र पाण्यात नाशच होतो. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो पांढराच राहील. काहींना ती पांढरी रेघ आवडते, ज्यांना आवडत नाही त्यांनी झबले सुती दोऱ्याने शिवावे.

कृती अशी. वस्त्रे प्रथम गरम पाण्यात साबणाने धुऊन त्यांतील खळ काढावी. मग सोड्याच्या पाण्यात वीस मिनिटे भिजवावीत आणि हलकेच पिळावीत. एकेक झबले ओलेच घेऊन हवे तर चुरगळावे, हवे तर मध्यभागी चिमटीत धरून पिळा द्यावा, हवे तर चुणीदार घडी घालून दोऱ्याने तीनचार ठिकाणी बांधावे. एका घमेल्यावर जाळीची टोपली ठेवून तीत ही बांधलेली वस्त्रे शेजारीशेजारी मांडावीत. टोपली उंच असावी. खाली साचणाऱ्या गढूळ पाण्यात वस्त्रे बुडाली तर सर्व रंग एकत्र होऊन मळकट छटा येते. वस्त्रांवर बर्फाचे खडे चार बोटे जाडीचा थर होईल इतके रचावेत. चारपाच झबल्यांस साधारण दोन किलो बर्फ लागतो. त्यावर दोनतीन चहाचे चमचे कोरडी पूड, एका वेळी थोडीथोडी, गाळणीतून भुरभुरावी. तीनाहून अधिक रंग एकाच टोपलीत घालण्याचा मोह टाळावा. पिवळा आणि निळा, किंवा गुलाबी आणि निळा अशी शेजारधर्म पाळणारी जोडी बरी. एवढे झाले की टोपली झाकून चोवीस तास ठेवावी. ही भांडी, चमचे व गाळणी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

आता रत्नागिरीच्या हवेचा विचार. एक किलो बर्फ नुसता वितळावयास जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेत एक लिटर पाणी 20 अंशांवरून थेट उकळीपर्यंत तापेल. इतकी उष्णता बर्फास कोठून मिळते? काही भोवतालच्या उबेतून. पण समुद्रकाठी आणखी एक देणगीदार असतो, तो म्हणजे हवेतील बाष्प. थंड बर्फावर बाष्पाचे पाणी होते तेव्हा त्यात दडलेली उष्णता बाहेर पडते, आणि एक ग्रॅम बाष्पाचे असे पाणी झाले की सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणून तापमान सारखेच असले तरी देशावरच्या कोरड्या हवेत जो बर्फ रेंगाळतो तो मिऱ्याच्या किंवा भाट्याच्या किनाऱ्यावरील घरात लवकर पाणी होतो. नक्षी नाजूक हवी असेल तर ह्या घाईला आवर घातला पाहिजे. टोपलीवर ताट झाकावे, त्यावर जाड गोणपाट टाकावे आणि काम माडीवर न करता खालच्या गार पडवीत करावे.

उलट, बर्फ वितळून गेल्यानंतर हीच हवा उपकारक ठरते. बर्फाळ पाण्यात रंग आणि धागा ह्यांची जोडणी फार मंद चालते. ती पुरी होण्यास पुढे काही तास घरातील उबेची गरज असते. ज्या थंड देशांतून ही रीत आली तेथे त्यासाठी खोली तापवावी लागते. रत्नागिरीस थंडीच्या दिवसांतही तशी वेळ सहसा येत नाही. शिवाय वस्त्र ओले असेपर्यंतच ही जोडणी चालते, आणि येथील दमट हवेत झाकलेले वस्त्र चोवीस तासांत वाळण्याचे भय नाही. फक्त मोरपंखी रंग स्वभावाने जड व मंद आहे. त्याला दुसरा दिवसही द्यावा.

बर्फ कोणता वापरावा हेही सांगितले पाहिजे. 1833 साली अमेरिकेतील बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून कलकत्त्यास आला, आणि लवकरच मुंबईकर धनिकांच्या पंगतीतही तो दिसू लागला. त्या काळी तो चैनीचा पदार्थ होता. आज रत्नागिरीत बर्फाची खरी गरज मासळीला आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांवर चढणाऱ्या लाद्या ह्या मासे टिकविण्यासाठी असतात, खाण्यासाठी नव्हेत. असा अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर करण्याचा आदेश महाराष्ट्रात 2018 साली निघाला. तान्ह्याच्या वस्त्रांसाठी ती लादी आणू नये. घरच्या शीतपेटीत पिण्याच्या पाण्याचा बर्फ दोन दिवस आधीपासून साठवावा, म्हणजे त्याच्या स्वच्छतेविषयी शंका उरत नाही.

पाण्याचेही तसेच. रत्नागिरीची भूमी जांभ्याची, आणि जांभ्याचा तांबूस रंग हा लोहाचा. ज्या विहिरीच्या पाण्याने पांढऱ्या कपड्यांवर पिवळसर झाक येते त्या पाण्यात लोहाचा अंश आहे असे समजावे. त्याने फिके, कोमल रंग मळकट दिसतात. असे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात निवत ठेवून वरचे निथळ घ्यावे, किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचे स्वच्छ पाणी धरावे.

येथवर कौशल्याचा भाग झाला. ह्यापुढचा भाग जिवाशी संबंध असलेला आहे. 1886 साली रेनर नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. नवजात अर्भके एकाएकी निळी पडत होती. शोध घेता असे दिसले की, त्यांच्या लंगोटांवर ओळखीसाठी जो ठसा मारलेला होता त्याच्या शाईत ॲनिलीन हे द्रव्य होते. ओल्या लंगोटातून ते त्वचेवाटे अंगात शिरे आणि रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे तांबडे द्रव्य निकामी करी. पुढे इतर ठिकाणीही असे प्रकार नोंदले गेले. ठसा मारल्यावर लंगोट उकळून धुतले म्हणजे हा त्रास टळतो, असेही अनुभवास आले. मोठ्या माणसाच्या अंगास जे मानवते ते तान्ह्यास मानवेलच असे नाही, हा त्याचा बोध. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, पहिल्या काही महिन्यांत त्याचे रक्त अशा विषापुढे अधिक दुबळे असते, आणि हातात येईल ते तोंडात घालणे हा तर त्याचा धर्मच.

म्हणून रंगाच्या निवडीत काटकसर करू नये. सुट्या, नाव नसलेल्या, खुल्या पोत्यातून तोलून दिलेल्या पुड्या घेऊ नयेत. काही ॲझो रंग फुटून त्यांतून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये निघतात असे सिद्ध झाल्यावर जर्मनीने 1994 साली त्यांवर बंदी घातली आणि भारत सरकारनेही 1997 साली अशा रंगांच्या हाताळणीस मनाई केली. सर्वच ॲझो रंग वाईट असे मात्र नव्हे. घरगुती रिॲक्टिव्ह रंगांपैकी पुष्कळ त्याच कुळातील आहेत. म्हणून रंग निषिद्ध यादीतील नाही असे लेखी सांगणाऱ्या विक्रेत्याचाच माल घ्यावा. वस्त्रांच्या निर्धोकपणाची ओको-टेक्स नावाची एक कसोटी 1992 पासून युरोपात चालू आहे; तीत तीन वर्षांखालील मुलांच्या वस्त्रांसाठी सर्वांत कडक वर्ग राखून ठेवला आहे, आणि लाळेने व घामाने रंग सुटतो की काय हे त्यात पाहिले जाते.

दुसरा धोका बाळास नसून रंगविणाऱ्या बाईस आहे. रिॲक्टिव्ह रंगाची कोरडी पूड श्वासावाटे गेली तर काही माणसांना दम्यासारखा विकार जडतो, आणि एकदा तो जडला की पुढे चिमूटभर पुडीनेही उचल खातो. बर्फाच्या रीतीत पूड कोरडीच भुरभुरावयाची असल्यामुळे हा धोका येथे अधिक. नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा, पंखा बंद ठेवावा, वाऱ्याच्या झोतात काम करू नये. बाळाच्या आईने हौसेने डोहाळजेवणाच्या सुमारास हे काम काढले तर घरच्यांनी तिला घड्या घालण्यापुरतेच बसवावे. पूड हाताळण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे आणि रांगते मूल घरात असेल तर त्याला त्या वेळी शेजारी न्यावे.

आता धुणे. ह्या कामात खरी परीक्षा येथेच आहे आणि हौशी माणसे नेमकी येथेच थकतात. टोपलीतील सगळाच रंग धाग्याशी जुळत नाही. त्यातला बराच भाग पाण्याशीच जुळून बसतो. तो आता धाग्यास कधीच धरणार नाही, पण घडीत लपून मात्र राहील. तो काढून टाकणे हाच बाळाच्या सुरक्षिततेचा पाया. चोवीस तासांनंतर गाठी न सोडताच वस्त्रे थंड पाण्याच्या धारेखाली धरावीत. ह्यामुळे सोडा निघून जातो आणि पांढऱ्या जागी नवा रंग चढत नाही. बुळबुळीतपणा गेला म्हणजे गाठी सोडून पुन्हा थंड पाण्याने खळबळावे. मग शक्य तितक्या गरम पाण्यात थोडा साबण घालून वस्त्रे अर्धा तास बुडवून ठेवावीत व धुवावीत. हे गरम धुणे तीनदा, चारदा, लागल्यास सहादा करावे. थंड पाण्याने जो सैल रंग हलत नाही तो गरम पाण्याने हलतो. आरंभीचे धुणे एकदम गरम पाण्याने मात्र करू नये, कारण सोडा शिल्लक असता सैल रंग पांढऱ्या भागावर बसण्याची भीती असते. रंगाचे व सोड्याचे हे पाणी विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नये. जांभा सच्छिद्र आहे, त्यातून ते सहज झिरपते. गटाराची सोय असेल तेथे भरपूर पाण्याबरोबर सोडावे.

धुणे पुरे झाले हे कशावरून समजावे? त्यासाठी घरगुती कसोट्या आहेत. शेवटचे गरम पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन पाहावे. ते निव्वळ पाण्यासारखे दिसले पाहिजे. मग कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात पांढऱ्या सुती कापडाची चिंधी भिजवावी, ती रंगीत झबल्यावर घट्ट दाबून गुंडाळावी आणि रात्रभर ठेवावी. हे घामाचे सोंग झाले. सकाळी चिंधीवर किंचितही रंग दिसला तर वस्त्र पुन्हा गरम पाण्यात गेले पाहिजे. दोनतीनदा असे करूनही रंग सुटतच राहिला तर ते झबले बाहुलीला घालावे, बाळाला नव्हे.

ह्याच कारणाने बोरनहाणाच्या काळ्या झबल्याविषयी स्वतंत्र सूचना द्यावी लागते. संक्रांतीच्या दिवसांत बाळास काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने लेववून, बोरे-चुरमुऱ्यांनी नहाण घालण्याची हौस घरोघर असते. साहजिकच ते काळे झबले घरी रंगवावे असे वाटेल. परंतु काळा हा बर्फावर कधीच काळा उतरत नाही. त्याचे घटक फुटून निळे, तांबूस, करडे ठिगळ उमटतात. त्याला गर्द करावयाचे तर पूड कितीतरी पटींनी वाढवावी लागते, आणि जितकी पूड अधिक तितका सैल रंगही अधिक. तान्ह्यासाठी फिक्या छटा बऱ्या. बोरनहाणाचे काळे वस्त्र विकतचे घ्यावे, चारपाच वेळा धुवावे आणि आत पांढऱ्या मलमलीचे अस्तर घालावे.

कृत्रिम रंग नकोच असे ज्यांचे मत असेल त्यांना रत्नागिरीच्या परसातच उत्तर सापडते. फणसाच्या गाभ्याच्या लाकडाचा भुसा पाण्यात उकळला की पिवळाधमक काढा निघतो. ब्रह्मदेश व सयाम येथील बौद्ध भिक्षूंची वस्त्रे परंपरेने ह्याच काढ्यात रंगविली जात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत बंदिवासात राहिला. त्याच्या देशातील भिक्षूंच्या चीवराचा रंग देणारे झाड त्याच्या ह्या नव्या मुलुखात घरोघरी उभे होते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून ह्या काढ्यात मंद आचेवर ठेवले तर शांत पिवळा रंग बसतो. मोरचुदाचा वापर मात्र बाळाच्या वस्त्रांसाठी करू नये. हळद स्वस्त आणि निर्धोक खरी, पण ती उन्हात उडते आणि साबण लागताच लाल होते; हळदीला चुना लागला की कुंकू का होते ह्याचेच ते दुसरे रूप. ह्या वनस्पतिरंगांना उष्णता लागते. बर्फाशी त्यांचे जमत नाही. बर्फाची चमत्कृती आणि फणसाचा पिवळा ह्यांपैकी एकच निवडावे लागते.

जी गृहिणी पहिल्यांदाच बर्फावर रंगविणार असेल तिने आरंभ झबल्याने न करता दुपट्याने करावा. दुपटे मोठे असल्याने नक्षी खुलून दिसते, ते बाळाच्या अंगाशी झबल्याइतके सतत लागून नसते, आणि हाताला धुण्याचा अंदाज येतो. बाळाच्या जन्माआधी निदान महिनाभर हे काम उरकावे, म्हणजे आठदहा धुण्यांस अवकाश मिळतो. रंग किती सुंदर उतरला हे बारशाला आलेल्या बायका सांगतीलच. पण शेवटचे पाणी वाडग्यात निर्मळ दिसले की नाही, हे त्यांना दिसणार नाही. ते घरच्या माणसानेच पाहावयाचे असते.